जादूच्या प्रयोगातील विनोद

जादूच्या प्रयोगातील विनोद : हातचलाखीचे खेळ करताना प्रेक्षकांना हसवत ठेवण्याची पद्धत. जादूगाराची बडबड, मुद्दाम फसवलेला डाव, मदतनिसाशी चाललेली खडाजंगी, मंचावर बोलावलेल्या प्रेक्षकाची गंमत हे सगळे यात येते. हा विनोद वरून भुरभुरलेली कोथिंबीर नव्हे. कितीतरी खेळांत चलाखी त्याच्याच आडोशाने होते.

लक्ष देऊन बघणारा माणूस पुढे झुकलेला असतो आणि त्याची नजर जादूगाराच्या बोटांवर खिळलेली असते. हशा पिकला की खांदे सैल पडतात, पाठ खुर्चीला टेकते, डोळे शेजाऱ्याकडे जाऊन येतात आणि परत येताना जादूगाराच्या तोंडावर स्थिरावतात. तेवढ्यात तळहातात दडवलेले नाणे खिशात जाते, पालथ्या वाटीखाली लिंबू सरकते. नवशिके इथेच चुकतात : विनोद झाला की आपणही हसत उभे राहतात आणि हात थांबतात. मग हशा ओसरल्यावर हात हलतो, आणि पहिल्या रांगेतला पोरगा बोट दाखवतो.

रस्त्यावरच्या गारुड्याला हे शिकवावे लागले नाही. उस्ताद विचारतो, जमुरा भलतेच उत्तर देतो, उस्ताद खवळतो. तमाशातल्या बतावणीचाच हा चुलतभाऊ. थाळी फिरेपर्यंत गर्दी पांगू न देणे, हेही त्या बडबडीचे काम असते.

सोलापुरात या विद्येला एक अडचण येते आणि तीच सोयही ठरते. १८७७ मध्ये इथे कापडाची गिरणी निघाली. गिरण्यांमागोमाग यंत्रमाग वाढले, तेलुगू भाषक पद्मशाली विणकर स्थिरावले. कानडी मुलूख तर वेशीलाच लागून आहे, आणि त्यात दख्खनी उर्दूची भर. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तिथे एकाच घोळक्यात या चारही भाषा ऐकू येतात. अशा प्रेक्षकांपुढे शाब्दिक कोटी बेताचीच चालते. समजा, जादूगाराने मंचावरच्या मुलाला विचारले, ‘वडील काय करतात?’ ‘हातमाग.’ ‘अरे वा, कुणाचा हात मागतात?’ मराठी रांगा लगेच हसतात. मागे बसलेली तेलुगू आजी नातवाला अर्थ विचारते. नातू ‘मग्गम’ म्हणतो आणि तिथेच कोटी मरते, कारण तेलुगूतल्या मागाला काही मागता येत नाही. तरी नातवाची फजिती बघून आजी हसते, तिच्या आजूबाजूचेही हसतात. अशा रीतीने एकाच विनोदाला दोनदा हशा मिळतो, आणि दुसरा हशा म्हणजे हाताला मिळालेली आयती दुसरी संधी.

याहून पक्का विनोद आकड्यांचा. तीनला कानडीत ‘मूरु’, तेलुगूत ‘मूडु’. जादूगार गोळ्या मोजतो, ‘ओंदु, येरडु, मूडु!’ एका बाजूने ‘मूरु, मूरु!’ असा ओरडा होतो, दुसरी बाजू ‘मूडुच बरोबर’ म्हणून भांडते, मधून कोणीतरी ‘काय करलालास बे?’ म्हणतो. जादूगार कपाळावर हात मारून घेतो. एकच हात. दुसरा तेव्हा मोकळा असतो.

मुद्दाम चुकण्याची ही तऱ्हा जगभर आहे. लाल तुर्की टोपी घालणारे ब्रिटिश विनोदी जादूगार टॉमी कूपर यांचे खेळ धडाधड फसत. असे फसवायला हात पक्का लागतो, आणि तो त्यांचा होता. १५ एप्रिल १९८४ रोजी लंडनमध्ये दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना ते मंचावर कोसळले. हाही खेळातलाच भाग समजून प्रेक्षक हसत राहिले. त्यातच त्यांचा मृत्यू झाला.

प्रेक्षकाची गंमत करणे हा यातला सर्वांत नाजूक भाग. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांच्या खिशातून रुमालांची माळ निघाली तर ते स्वतःही हसतात. पण वर्गातल्या बुजऱ्या मुलाच्या खिशातून तीच निघाली, तर पोरे त्याला महिनाभर पिडतात. बायकोवरचे, रंगावरचे, जाडीवरचे विनोद अजूनही ऐकू येतात. ते जुने आहेत आणि आळशीही. हसे जादूगाराचे व्हावे, ही जुनी सोय त्याहून कितीतरी बरी.

महाराष्ट्रात या विनोदाला आणखी एक काम मिळाले आहे. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कारांची प्रात्यक्षिके करतात : पाण्याने दिवा पेटवणे, नारळातून ‘करणी’ काढणे. मांत्रिक हाच नारळ फोडतो तेव्हा खोलीत कोणी हूं की चूं करत नाही. कार्यकर्ता मात्र फोडताना मांत्रिकाचाच हेल काढतो, लोक हसतात. मग करणी आधीच नारळात कशी भरून ठेवली होती, ते तो उलगडून दाखवतो.