गोव्याचे पहिले सरकार आणि विलीनीकरणाचा प्रश्न : पार्श्वभूमी

गोव्यात लोकांनी निवडून दिलेले पहिले सरकार २० डिसेंबर १९६३ रोजी अधिकारावर आले. पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली त्याला तेव्हा दोन वर्षे व एक दिवस झाला होता. सरकार महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, म्हणजे आपण सर्रास म्हणतो त्या मगोचे होते, आणि या पक्षाच्या कार्यक्रमात अग्रभागी होते ते गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण. आपण ज्या प्रदेशाचा कारभार हाती घेत आहोत त्याचे वेगळे अस्तित्वच संपवायचे, असा संकल्प करून कोणी सत्तेवर यावे ही गोष्ट एरवी चमत्कारिक वाटेल. परंतु मुक्तीनंतरची दोन वर्षे आणि त्याआधीची राजकीय पोकळी लक्षात घेतली, तर ती तितकीशी चमत्कारिक राहत नाही.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात राजकीय पक्ष काढता येत नव्हता आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. विधिमंडळ म्हणून जे होते त्यात काही सदस्य निवडून येत. पण मताधिकार इतका मर्यादित होता, की सामान्य कुळाचा किंवा मुंडकाराचा, म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्याचा, त्याच्याशी संबंध येण्याचे कारणच नव्हते. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीला तोंड फोडले खरे, परंतु त्यानंतर जे कार्यकर्ते पुढे आले त्यांतले पुष्कळसे तुरुंगात, हद्दपारीत किंवा मुंबई-बेळगावच्या आश्रयाला गेले. परिणामी १९६१ मध्ये सत्ता हाती घेण्यास तयार असलेली, गावोगाव पाळेमुळे असलेली एकही संघटना गोव्यात नव्हती.

म्हणून आधी सैन्य आले आणि कायदे मागाहून आले. मेजर जनरल के. पी. कँडेथ हे लष्करी गव्हर्नर झाले. मार्च १९६२ मध्ये संसदेने बारावी घटनादुरुस्ती संमत केली आणि तिचा अंमल २० डिसेंबर १९६१ या मागील तारखेपासून धरून गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश केला. मार्च १९६२ मध्येच झालेल्या प्रशासन कायद्याने पूर्वीचे कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता विवाहासारख्या कौटुंबिक बाबतीत अद्याप येथे लागू आहे आणि वारसाहक्काच्या बाबतीत २०१६ पर्यंत लागू होती, त्याचे कारण या तरतुदीत सापडते. २८ मार्च १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी ज्यांचा स्वतःचा, आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा जन्म या प्रदेशात झाला होता त्यांना भारतीय नागरिक मानण्यात आले. पैशाचा व्यवहार मात्र इतक्या सहजी मिटला नाही. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या पोर्तुगीज बँकेच्या शाखेत गोवेकरांनी गहाण ठेवलेले सोने लिस्बनला गेले होते, ते परत यायला १९९१ साल उजाडले.

जून १९६२ मध्ये लष्करी अंमल संपून टी. शिवशंकर नायब राज्यपाल झाले. त्यांच्या मदतीला २९ नियुक्त सदस्यांचे सल्लागार मंडळ देण्यात आले आणि लोकसभेवर डॉ. पुंडलिक गायतोंडे व डॉ. आंतोनियो कुलासो यांची नेमणूक झाली. प्रत्यक्ष कारभार मात्र इतर प्रांतांतून डेप्युटेशनवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती होता आणि त्यांच्याविषयीची नाराजी लवकरच उघडपणे बोलली जाऊ लागली. १९६२ च्या अखेरीस झालेल्या पंचायत निवडणुकीत गोव्यातल्या सर्वसामान्य प्रौढ माणसाने प्रथम मत दिले.

संसदेने १९६३ मध्ये केंद्रशासित प्रदेशांसाठी जो कायदा केला, त्यानुसार ३० जागांची विधानसभा ठरली: गोव्याच्या २८ आणि दमण व दीवची प्रत्येकी एक. ९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. मगोला १४ आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या, विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. ज्या काँग्रेसच्या केंद्र सरकारने गोवा मुक्त केला त्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. जी एकुलती एक मिळाली ती दमणची. या पराभवाचे खापर उमेदवारांच्या निवडीवर फोडण्याची रीत आहे. पण काँग्रेस येथे भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, व उच्चवर्णीयांची म्हणून ओळखली गेली, हे मूळ कारण मला अधिक पटते. बहुजन समाजाच्या दृष्टीने पोर्तुगीज गेले तरी भाटकार होता तिथेच होता. दयानंद बांदोडकर, म्हणजे भाऊसाहेब, स्वतः खाणमालक असले तरी या समाजातून आलेले व त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारे नेते होते. नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून जिंकलेल्या तालुक्यांतील, गावांना विलीनीकरण म्हणजे महाराष्ट्रातल्या कूळकायद्याची आणि मराठी शाळेची हमी वाटली. मडगावभोवतालच्या सासष्टी तालुक्यातील ख्रिस्ती मतदाराला तेच विलीनीकरण म्हणजे मोठ्या राज्यात विरून जाणे वाटले, आणि गोव्याचे वेगळे व्यक्तित्व राखू असे आश्वासन नेहरूंनी दिले होते, त्यावर त्याने विश्वास टाकला.

बांदोडकरांनी ही निवडणूक स्वतः लढवली नव्हती. मुख्यमंत्री झाल्यावर ते पोटनिवडणुकीत मडकईतून निवडून आले. मंत्रिमंडळ तिघांचेच होते, त्यात विठ्ठल करमली व टोनी फर्नांडिस हे दुसरे दोघे. विधानसभा ९ जानेवारी १९६४ रोजी पणजीत मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात भरली. ज्या इमारतीतून पोर्तुगीजांनी पिढ्यान्‌पिढ्या हुकूम काढले, तिथे सभापतीच्या आसनावर पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर हे पोर्तुगीजांची कैद भोगलेले स्वातंत्र्यसैनिक बसले. या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळांचे जाळे विणले आणि १९६४ चा कूळकायदा करून कुळाला बेदखलीपासून संरक्षण दिले. माझ्या मते मगोच्या यशाचे खरे मर्म या दोन कामांत आहे. आणि गंमत अशी, की ती दोन्ही कामे गोवा वेगळा असताना, गोव्याच्याच विधानसभेकडून झाली. विलीनीकरणाच्या युक्तिवादातली हवा त्यामुळे थोडी निघून गेली, हे पक्षाच्या तेव्हा ध्यानात आले नसावे.

१९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. निवडणुकीतच कौल मिळाला आहे, असे मगोचे म्हणणे होते. सरकार निवडण्यासाठी दिलेले मत प्रदेशाचे भवितव्य ठरवण्यासाठी वापरता येणार नाही, असे सिक्वेरांचे म्हणणे होते. पुरुषोत्तम काकोडकरांसारखे काँग्रेसजनही दिल्लीत स्वतंत्र जनमत कौलासाठी खटपट करीत होते. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्याआधीच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदाराच्या हाती आलेल्या मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. घटक राज्याचा तिसरा पर्याय नव्हता. प्रचाराची रेषा भाषेवरून सरळ ओढता येत नव्हती, कारण मडगावचे ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिकच चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखाली विलीनीकरणाविरुद्ध आघाडीवर होते. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. ख्रिस्ती मतदार अल्पसंख्य असल्यामुळे ३४,०२१ मतांची ही आघाडी हिंदू मतदारांच्या मोठ्या गटाशिवाय झालीच नसती.

यानंतर मगो संपेल अशी अटकळ बांधणाऱ्यांचा हिशेब दोन-अडीच महिन्यांतच चुकला. मार्च १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी मगोला पुन्हा निवडून दिले आणि बांदोडकर दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते, आणि ज्या केंद्रशासित प्रदेशाला त्यांनी विरोध केला होता त्याचाच कारभार त्यांनी चालवला. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला तो ३० मे १९८७ रोजी.