रोजगार हमी २००५ सालीच आली का?

‘मागेल त्याला काम देणारा देशातला पहिला कायदा २००५ साली आला,’ असं वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही. गैरसमज होणं मात्र साहजिक आहे, कारण देशभर लागू झालेला कायदा तोच : राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५, म्हणजे ‘मनरेगा’.

महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, बांधबंदिस्तीला जात होती. रोजगार हमी योजना त्याच काळात आकाराला आली. पुढे तिला कायद्याचं बळ मिळालं : महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७. अंमल २६ जानेवारी १९७९पासून. अर्ज केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे अगदीच तुटपुंजा. पण काम हा हक्क ठरला, ही केवढी मोठी गोष्ट! शिवाय हक्क प्रत्येक प्रौढ व्यक्तीचा होता. २००५च्या कायद्यात तो कुटुंबामागे वर्षाला १०० दिवस झाला.

पडताळायचं कसं? अधिनियमाच्या नावातलंच साल बघा. मग २००५च्या कायद्याचं कलम २८ वाचा. राज्याचा रोजगार हमीचा कायदा आधीपासून असेल आणि त्यातले हक्क कमी नसतील, तर तोच राबवण्याची मुभा त्यात दिली होती. आधी कायदा नसता, तर ही तरतूद कशाला लागली असती?

आणखी एक खूण पगाराच्या चिठ्ठीत आहे. ‘पीटी’ म्हणून कापला जातो तो व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली लावला गेला, तो याच योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराच्या पैशातून गावाकडच्या मजुराची हजेरी भरत होती.