हृदयाचे दूरनिरीक्षण

हृदयाचे दूरनिरीक्षण : हृदयरोग्याचा ईसीजी (हृदयाच्या विद्युत्-क्रियेचा आलेख), नाडी, रक्तदाब, वजन इ. नोंदी तो असेल तेथून तारेने, रेडिओलहरींनी किंवा मोबाइलवरून वैद्यकापर्यंत पोहोचविण्याची व त्यांवरून उपचार ठरविण्याची पद्धत.

तिचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. अमेरिकन संशोधक नॉर्मन हॉल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस पाठीवर बांधलेल्या, सु. ३८ किग्रॅ. वजनाच्या रेडिओ-यंत्राने हृदयाचे संदेश पाठविले. काही लेखक तेथून सुरुवात करतात. मात्र नेदर्लंड्समधील लायडनचा दाखला निश्चितच जुना आहे. तेथील संशोधक विलेम आइन्थोवेन यांचे तार-गॅल्व्हानोमीटर (ईसीजी नोंदविणारे यंत्र) सु. २७० किग्रॅ. वजनाचे होते व ते चालवायला पाच माणसे लागत. ते रुग्णालयात हलविणे शक्य नव्हते, म्हणून सु. दीड किमी. लांबीच्या दूरध्वनीच्या तारेने रुग्णालय प्रयोगशाळेला जोडले गेले. हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचे, की पलीकडे आलेख उमटे. या नोंदीची तारीख सामान्यतः २२ मार्च १९०५ दिली जाते. १९०६ हे साल आढळते ते ‘टेलिकार्डिओग्राम’ हा शब्द शीर्षकात असलेल्या आइन्थोवेन यांच्या फ्रेंच निबंधाचे. पहिला आलेख रुग्णाचा नव्हताच, धडधाकट माणसाचा होता. त्यातील ‘आर’ तरंग (प्रत्येक ठोक्याच्या आलेखातील टोकदार उंचवटे) उंच आले, ते तो प्रयोगशाळेतून रुग्णालयात सायकल दामटीत गेल्यामुळे, असा खुलासा तेव्हा करण्यात आला. रुग्णसेवा हाच निकष लावल्यास १९०६ अधिक ग्राह्य ठरते. त्या निबंधात रुग्णांच्या हृदयातील दोष दाखविणारे आलेख आहेत.

आजची साधने परिचित आहेत. मनगटी घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेवर टाकून रक्तप्रवाहातील चढउतारांवरून नाडी मोजते. नाडीची लय बिघडलेली दिसल्यास एट्रियल फिब्रिलेशनची (अलिंदांच्या अनियमित कंपनाची) शंका घेता येते. ॲपलच्या घड्याळावरील, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ जण होते, पैकी ०.५२ टक्क्यांना इशारा मिळाला. इशारा म्हणजे निदान नव्हे. ते ईसीजीनेच पक्के होते.

हार्ट फेल्युअरमध्ये (हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही अशा विकारात) पद्धतीची खरी कसोटी लागते. शरीरात पाणी साठू लागले की दम लागण्याआधीच वजनकाटा ते दाखवतो. दोन-तीन दिवसांत दोनएक किलो वाढ झाली तर डॉक्टरांना कळवावे, असे सांगतात. तरी निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. अमेरिकेतील १,६५३ रुग्णांच्या अभ्यासात (२०१०) रुग्णांनी रोज स्वयंचलित दूरध्वनी-यंत्रणेला माहिती सांगायची होती. फायदा दिसला नाही. सुमारे १४ टक्क्यांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. जर्मनीतील १,५७१ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) मात्र वर्षभरात, हृदयविकारामुळे अकस्मात रुग्णालयात किंवा मृत्यूमुळे गमावलेल्या दिवसांचे प्रमाण नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातील ६.६४ टक्क्यांच्या तुलनेत ४.८८ टक्के आढळले. तेथे वजन, रक्तदाब, ईसीजी व रक्तातील ऑक्सिजन यांच्या नोंदी रोज जात आणि त्या पाहायला डॉक्टर व परिचारिका चोवीस तास बसलेल्या असत. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण सारखे नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि फरक यंत्रापेक्षा पलीकडच्या माणसामुळे पडला, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

भारतात घरबसल्या निरीक्षणापेक्षा तातडीच्या ईसीजीवर भर दिसतो. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या हृदयोपचार केंद्रांशी जोडून त्या केंद्रांकडे ईसीजी पाठविण्याची व्यवस्था झाली. २,४२० रुग्णांच्या अभ्यासात (२०१७) हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतरचे वर्षभरातील मृत्युप्रमाण आधीच्या १७.६ टक्क्यांच्या तुलनेत १४.२ टक्के आढळले.