टेकडी, वारी, सवाई : पुण्यात मन मोकळं करायच्या जागांची पार्श्वभूमी

सध्या "स्वतःला शोधायला" बाहेर पडायचं फार फॅड आहे, सोलो ट्रिप, पावसाळी ट्रेक, मातीकामाचं वीकेंड वर्कशॉप, मुळशीच्या बाजूला कुठेतरी दोन दिवस मौन वगैरे. हरकत काही नाही. पण पुण्यात याची पाळंमुळं बरीच जुनी आहेत आणि ती खणायला बसलं की एक गोष्ट सारखी समोर येते, की मन हलकं करायची जागा आपल्याला वाटते तशी आयती तिथे पडलेली नसते, कुणीतरी नकाशावर त्या जागेला एक रंग दिलेला असतो, कुणीतरी नियमात एक वेळ घातलेली असते आणि तो रंग किंवा ती वेळ बदलली की जागाही गेली. म्हणून ही पार्श्वभूमी थोडी अध्यात्माची आणि बरीचशी डीपीची, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याची आहे. टेकडीवर कुठून चढायचं, बूट कुठले घ्यायचे हे इथे मिळणार नाही, ते पुणेकराला सांगायची गरजही नाही.

जुनं पटकन उरकतो, कारण त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. सतराव्या शतकात दुष्काळ पडला, व्यापार बुडाला, पहिली बायको गेली, आणि देहूचे तुकोबा भंडारा-भामचंद्रच्या डोंगरावर जाऊन एकटे बसायला लागले. त्यांच्या पालखीची परंपरा 1685 पासूनची सांगतात. आळंदीची आणि देहूची अशा दोन्ही पालख्या आजही पुण्यात मुक्काम करतात, एक भवानी पेठेत, एक नाना पेठेत, आणि आता आयटीवाली मंडळीही आळंदी-पुणे टप्पा चालून पाय सुजवून घरी येतात, काही जण पुढे दिवेघाटही करतात. 2020 आणि 2021 ला मात्र पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पर्वतीचं देऊळ 1749 चं. जानेवारी 1761 ला पानिपत झालं, मुलगा आणि चुलतभाऊ दोघं गेले, आणि खचलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवरच वारले. म्हणजे दुःख झालं की टेकडी चढायची ही पुण्याची सवय राजवाड्यापर्यंत होती म्हणायची.

इंग्रजी अमदानीत शहर पेठांमध्येच दाटीने राहत होतं, टेकड्या लांब होत्या. पश्चिमेकडच्या टेकडीला खेटून 1895 मध्ये कॉलेजची इमारत आली (फर्ग्युसन, पुणेकराला सांगायला नको) आणि पोरं मागच्या मागे हनुमान टेकडीवर जायला लागली, अभ्यासाला, भांडायला, प्रेमात पडायला, नाटकाचे संवाद पाठ करायला. पुढे 1960 च्या सुमारास लॉ कॉलेज रस्त्यावर सिनेमा शिकवणारी संस्था आली तेव्हा तिथल्या मुलांनाही टेकडी आयतीच मिळाली. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, नदीकाठ उद्ध्वस्त झाला आणि पुनर्वसनाच्या वसाहती गोखलेनगरसारख्या टेकडीच्या कुशीतल्या भागात गेल्या. माझ्या मते पुणेकर आणि टेकडी यांचं रोजचं नातं इथून सुरू होतं, त्याआधी ते सणासुदीचं होतं.

आता "टेकडीला जाऊन येतो" म्हटलं की अर्ध्या पुण्यात वेताळ टेकडी समजतात. शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी ही एक, समुद्रसपाटीपासून साधारण 800 मीटर. वर शेंदूर लावलेला वेताळ, बाजूला दगडाची जुनी खाण, पावसाळ्यात तिच्यात पाणी साठतं. मे संपता संपता खालच्या झाडीत नवरंग येतो, दिसत फारसा नाही, पण शीळ ऐकू आली की कॅमेरावाले काका एकदम गप्प होतात, एरवी ते गप्प बसणारे नाहीत. झाडी म्हणजे बरीचशी उंदीरमारी, वनीकरणाच्या नावाखाली लावलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला गुलाबी फुलं येतात, लोक फोटो काढतात आणि "निसर्ग" म्हणून टाकतात. मूळची झाडं म्हणजे सालई, मोई, धावडा, पळस, ती तुरळक. काही जण रोज खांद्यावर पाच लिटरचा कॅन घेऊन चढतात आणि आपापल्या ठरलेल्या रोपाला पाणी घालतात, त्यातल्या कितीतरी जणांनी हे रिटायर झाल्यावर किंवा घरातलं माणूस गेल्यावर सुरू केलेलं असतं, त्याला कुणी थेरपी म्हणत नाही.

टेकडीवर पुढे यायचंच आहे, त्याआधी गाण्याचं सांगतो, कारण तिथे उत्सव राहिला आणि वेळ गेली. सवाई, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव, 1953 ला सुरू झाला, गुरू सवाई गंधर्वांच्या आठवणीसाठी शिष्य भीमसेन जोशींनी केलेला उत्सव. रात्रभर चालायचा. डिसेंबरची थंडी, मंडपात भारतीय बैठक, मफलर, रग, थर्मास, पहाटे तीनला चहाची रांग, आणि ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही असेही लोक यायचे, कारण शहरात रात्रभर एकटं बसता येईल आणि कुणी विचारणार नाही अशी दुसरी जागा नव्हती. 2000 मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक केले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, राज्य सरकारला वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू होत नाही, मंडपाला होतो. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, डीजेच्या भिंतींनी ज्यांची झोप घालवली त्यांना विचारा. पण एकाच मापात डीजे आणि तानपुरा दोन्ही मोजले गेले आणि रात्रीचे दरबारी, मालकंस, पहाटेचा ललित हे राग त्यांच्या त्यांच्या वेळेला मैफलीत ऐकणं जवळजवळ संपलं. उत्सव दुपारी सुरू व्हायला लागला. भीमपलास, मुलतानी, मधुवंती या दुपारच्या रागांना मात्र अच्छे दिन आले, हेही खरं.

आता बीडीपी. जैवविविधता उद्यान असं त्याचं मराठी नाव आहे पण ते कुणी म्हणत नाही. यावर जरा जास्त लिहितोय कारण निम्म्या लोकांना बीडीपी आणि हिलटॉप-हिलस्लोप एकच वाटतं, आणि बिल्डरपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना ते तसंच वाटत राहिलेलं सोयीचं आहे. हिलटॉप-हिलस्लोप हा झोन आहे, म्हणजे जमीन मालकाचीच राहते, फक्त काय बांधता येईल यावर बंधन येतं, आणि वर्षानुवर्षं त्यात 4 टक्के बांधकामाची मुभा धरली गेली. शिवाय 1 ला 5 पेक्षा (पाच फूट पुढे गेलं की एक फूट चढ) जास्त उतार असेल तर बांधकाम नाही. बीडीपी हे आरक्षण आहे, म्हणजे रस्त्यासाठी किंवा बागेसाठी ठेवतात तसं, ती जमीन कधीतरी महापालिकेने ताब्यात घ्यायची, मोबदला द्यायचा आणि मग ती लोकांची.

हे आलं कुठून? 1997 मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत घेतली, विरोध झाला, काही बाहेर गेली आणि 23 उरली. बाणेर, पाषाण, बावधन, वारजे, कात्रज, कोंढवा या बाजूच्या बऱ्याच टेकड्या त्यामुळे एकदम शहराच्या हद्दीत आल्या आणि त्यांच्यासाठी नवा डीपी करायची वेळ आली. त्या डीपीत टेकड्यांवरच्या 978 हेक्टरवर बीडीपी दाखवला. लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, टेकड्या म्हणजे शहराचं पाणी मुरायची जागा, इथे वीट लावायची नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, 4 टक्के बांधू द्या, 96 टक्के आपोआप हिरवं राहील, महापालिकेचा एक रुपया खर्च होणार नाही.

दुसरं ऐकायला अगदी समंजस वाटतं म्हणून हिशेब करून बघू. एक एकर म्हणजे 40 गुंठे, त्याचे 4 टक्के म्हणजे 1.6 गुंठा, साधारण 1,740 चौरस फूट. म्हणजे एकरी एक बरा बंगला. पण बंगल्याला रस्ता लागतो, पाण्याची लाइन लागते, ड्रेनेज लागतं, कंपाउंड तर आधी लागतं, आणि उतारावर रस्ता करायचा म्हणजे टेकडी कापावी लागते. 96 टक्के हिरवं राहीलही, पण ते कुंपणाच्या आत, सकाळी सहाला कॅन घेऊन येणाऱ्या माणसाला तिथे वॉचमन अडवणार. हा मुद्दा त्या वेळच्या वादात फार कमी आला, सगळी चर्चा झाडांवर झाली, येण्याजाण्याच्या हक्कावर झालीच नाही असं मला वाटतं.

बाकीच्या डीपीला तुकड्यातुकड्याने मंजुरी मिळत गेली आणि बीडीपी मुंबईत लटकला. सरकारं बदलली, फाइल तिथेच. दरम्यान या टेकड्यांच्या पायथ्याला गुंठा-गुंठा करून जागा विकल्या गेल्या, नोटरीच्या कागदावर, घेणारे बरेचसे साधी नोकरी करणारे, त्यांनी पत्र्याची खोली टाकली, मग स्लॅब टाकला. शेवटी ऑगस्ट 2015 मध्ये आरक्षण कायम झालं आणि मोबदला ठरला 8 टक्के टीडीआर. म्हणजे 40 गुंठे द्या आणि 3.2 गुंठ्याएवढा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला घ्या.

मालकांचं म्हणणं इथे मांडायला हवं, बागेसाठी जमीन गेली तर पूर्ण टीडीआर आणि टेकडी गेली तर 8 टक्के, हे कुठल्या न्यायाने? टेकडी बांधायला कठीण म्हणून तिची किंमत कमी, हे सरकारचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण बावधनच्या ज्या शेतकऱ्याने तीन पिढ्या गुरं चारली त्याला ते पटणं अवघड आहे. आणि गंमत बघा, टेकडी वाचवा म्हणणारे आम्ही कोथरूड-एरंडवण्यातले लोक, आमच्या जुन्या सोसायट्यांचं रीडेव्हलपमेंट होतं ते टीडीआर चढवूनच, ब्रोशरमध्ये "हिल व्ह्यू" लिहिलेलं असतं. तरीही मी बीडीपीच्याच बाजूचा आहे, कारण मोबदला कमी असेल तर तो वाढवता येतो, कापलेली टेकडी परत लावता येत नाही. 8 टक्क्यांना फारसं कुणी पुढे आलं नाही, त्यामुळे आरक्षण कागदावर पक्कं आणि बरीचशी जमीन अजून मालकांच्याच नावावर, असा हा त्रिशंकू.

याच काळात ट्रेकिंग हा धंदा झाला. पूर्वी कॉलेजचा ग्रुप नाहीतर एखादी गिर्यारोहण संस्था, एसटीने जायचं, गावात मारुतीच्या देवळात झोपायचं. 2010 नंतर शनिवारी रात्री शिवाजीनगरहून बसच्या बस सुटायला लागल्या, हरिश्चंद्रगड, काजव्यांसाठी राजमाची, देवकुंड. सिंहगडावर रविवारी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जेवढी गर्दी तेवढी लक्ष्मी रोडला नसेल. जून 2024 मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागे पुण्यातलं एक कुटुंब वाहून गेलं आणि जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणं यांवर बंदीचे आदेश काढले. बंदी समजू शकतो, पण ती आली की ज्याला खरोखर चार तास एकटं बसायचंय तो आणि बाटल्या फोडणारे दोघंही एकाच नोटिशीत.

मार्च 2020 ला लॉकडाउनमध्ये तर टेकडीवर फिरायलाही बंदी आली. आणि पुन्हा जाता यायला लागलं तेव्हा जे लोक आले ते वेगळे होते. वर्क फ्रॉम होमवाली तरुण मुलं, ज्यांना दहा वर्षं कोथरूडमध्ये राहून टेकडी कुठून चढतात माहीत नव्हतं. कुणाचं माणूस गेलेलं, कुणाची नोकरी. काही जण पक्षी बघायला शिकले, काही स्केचबुक घेऊन खाणीच्या काठाला बसायला लागले.

मला वाटतं एप्रिल 2023 चा वेताळ टेकडी वाचवायचा मोर्चा त्यामुळेच एवढा मोठा झाला. टेकडीवरून जाणारा बालभारती ते पौड फाटा हा रस्ता 1987 च्या डीपीपासून नकाशावर आहे, अधूनमधून कोर्टात जातो, परत बाहेर येतो. त्यात 2017 च्या डीपीतले बोगदे आले, पंचवटीहून एक गोखलेनगरकडे, एक सुतारदऱ्याकडे. रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही खोटं नाही, लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी सातला अडकून बघा. पण आधी टेकडीसाठी बोलायला ठरावीक ज्येष्ठ मंडळी असायची, या वेळी हजारो लोक चालले, त्यात ढोलकी होती, पोस्टर रंगवलेली लहान मुलं होती.

2025 मध्ये राज्य सरकारने बीडीपी आणि हिलटॉप-हिलस्लोप या दोन्हींचा एकत्र विचार करायला समिती नेमली. मालकांना आशा आहे की टक्केवारी वाढेल, टेकडीवाल्यांना भीती आहे की दोन्हींना एकच नियम लावायच्या नावाखाली 4 टक्के मागच्या दाराने आत येतील. माझं लक्ष टक्केवारीपेक्षा उताराच्या मोजणीवर आहे. 1 ला 5 हा आकडा कितीही कडक ठेवला तरी उतार कुठल्या सालच्या नकाशावरून धरायचा हे लिहिलं नाही, तर आधी रात्री जेसीबी लावून सपाटी करायची आणि मग मोजणीवाल्याला बोलवायचं, हे टेकड्यांच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी पाहिलेलं आहे.