डोळा मळलाय की फरशीच काळी?

रोबो व्हॅक्यूम खोलीच्या मध्यावर थांबतो, मागे सरकतो, ‘क्लिफ सेन्सर (म्हणजे पायरी ओळखणारा डोळा) पुसा’ म्हणतो आणि घरातले लगेच ठरवतात: सेन्सर गेला! बऱ्याचदा त्या सेन्सरला काहीही झालेलं नसतं.

बम्परचं, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या पुढच्या पट्टीचं, दुखणं वेगळं आणि सोपं. समोर काही नसताना यंत्र आपटल्यासारखं मागे येत असेल, तर ती पट्टी दोन्ही बाजूंनी दाबून बघा. ती अडकत असेल तर फटीत बहुधा पुळणीवरची (समुद्रकिनाऱ्यावरची) वाळू गेली आहे. कोरड्या ब्रशने झटका, झालं.

खरा घोळ क्लिफ सेन्सरचा. यंत्राच्या पोटाखाली कडेने बसवलेल्या छोट्या काचांमधून इन्फ्रारेड प्रकाश खाली जातो आणि जमिनीवरून परततो. परत आला तर खाली जमीन आहे, फारच कमी आला तर पुढे पायरी आहे, असं यंत्र धरून चालतं. काचेवर मळ बसला की प्रकाश कमी येतो. खाली काळा कडप्पा किंवा काळा ग्रॅनाइट असला तरी कमीच येतो, कारण तो बराचसा प्रकाश शोषून घेतो. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून तक्रारही तीच येते.

फरक आपण काढायचा. यंत्र उचलून पांढऱ्या किंवा फिक्या टाइल्सवर मधोमध ठेवा, पण उन्हाच्या कवडशात नको, कारण थेट उन्हानेही हे सेन्सर फसतात. तिथे नीट चाललं आणि दर वेळी त्याच काळ्या पट्टीशी येऊन माघारी वळलं, तर सेन्सर ठणठणीत आहे, अडचण फरशीची आहे. फिक्या टाइल्सवरही तेच रडगाणं असेल तर बहुधा काच मळली आहे. आपल्याकडे हे पावसाळ्यात जास्त होतं: जांभ्याची तांबडी धूळ दमट हवेत चिकट होते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. यंत्र बंद करा, मऊ सुती फडकं किंचित ओलं करून एकेक काच पुसा, मग कोरडी करा. फिनेल, सॅनिटायझर, स्प्रे यांतलं काहीही तिथे मारू नका.

आणि काळ्या फरशीवर यंत्र चालावं म्हणून सेन्सरवर पांढरी चिकटपट्टी लावायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. आपल्या घरांत माजघर एका पातळीवर, पडवी दुसऱ्या, ओटीवरून अंगणात उतरायला पायऱ्या. पट्टी लावलेल्या यंत्राला यांतलं काहीच दिसत नाही, ते सरळ खाली जातं. त्यापेक्षा ॲपमध्ये सोय असेल तर त्या कडप्प्याभोवती ‘नो-गो’ची (यंत्राने जायचं नाही अशा जागेची) चौकट आखा आणि तेवढी जागा केरसुणीने झाडा.