काउन्सिलचा टॉवर, पण दार कुणाचं?

लंडनचा जळालेला ग्रेनफेल टॉवर म्हटलं की सगळे क्लॅडिंगवर (बाहेरून लावलेल्या पत्र्यांवर) बोलतात, आणि बरोबरच आहे, २०१७ च्या जूनमध्ये ७२ माणसं गेली ती मुख्यतः त्या पत्र्यांपायी. पण इंग्लंडच्या काउन्सिलच्या (म्हणजे तिथल्या पालिकेच्या) घरांमध्ये एक घोळ त्याहून कितीतरी जुना आहे आणि इतका कंटाळवाणा की त्यावर कुणी बोलतच नाही, तो म्हणजे फ्लॅटचं पुढचं दार.

जुनं थोडक्यात सांगतो. १९६२ साली उंच इमारतींसाठी जो ब्रिटिश कोड आला त्याचा हिशोब साधा होता, प्रत्येक फ्लॅट म्हणजे काँक्रीटचा बंद डबा, आग लागली तरी डब्यातच राहील, फायर ब्रिगेड येऊन विझवेल, शेजाऱ्यांनी घरातच बसायचं. म्हणून तर अख्ख्या टॉवरला एक जिना पुरायचा. १९६८ ला लंडनच्या रोनन पॉइंट टॉवरचा कोपरा गॅसच्या स्फोटानं पत्त्यासारखा कोसळला, तेव्हा सगळी चर्चा सांगाड्याची झाली. १९७१ च्या कायद्यानं फायर सर्टिफिकेट आणलं, पण ते हॉटेलं, ऑफिसं, कारखाने यांना, फ्लॅटच्या इमारतींना ते कधी लागूच केलं नाही.

मग १९८० ला भाडेकरूंना आपलं काउन्सिलचं घर विकत घ्यायचा हक्क मिळाला आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. घर घेतलं की माणूस पहिलं काय बदलतो, तर दार! सगळ्या पॅसेजमध्ये एकसारखी दारं, त्यात आपलं वेगळं दिसलं पाहिजे. मी लंडनला आल्यावर पहिली २ वर्षं अशाच एका एक्स-काउन्सिल फ्लॅटमध्ये भाड्यानं राहिलो, दार पांढरं पीव्हीसीचं, वर काचेची नक्षी, आणि सोडलं तर आपोआप बंद होणारं नाही. आता ते मूळचं बोजड दार नुसतं दार नव्हतं, त्या डब्याचं ते झाकण होतं. निदान ३० मिनिटं आग अडवायची, कडेच्या पट्ट्या उष्णतेनं फुगून फट बुजवणार, आणि माणूस घाबरून उघडंच टाकून पळाला तरी वरचा क्लोजर ते ओढून घेणार, म्हणजे धूर एकुलत्या एक जिन्यात जाणार नाही. झाकणच बदललं तर डबा कसला.

बरं, मग काउन्सिलनं ते बदलायला का नाही लावलं? इथं येतो तो शब्द, 'कॉमन पार्ट्स'. २००५ चा फायर सेफ्टीचा आदेश (अमलात २००६ च्या ऑक्टोबरमध्ये) घराच्या आत लागू नाही, एकाहून जास्त घरं मिळून जे वापरतात तेवढ्यालाच लागू. पॅसेज आला, जिना आला. दार? त्याची एक बाजू बैठकीच्या खोलीत आणि दुसरी पॅसेजमध्ये. एक म्हणायचा दार कॉमनच, दुसरा म्हणायचा लीज (फ्लॅट विकतानाचा करार) बघा, लीजमध्ये दार विकलेलं असेल तर फ्लॅटच्या मालकाचं, आणि लीजमध्ये कधीकधी धड काही लिहिलेलंच नसायचं. बाहेरच्या भिंतीचीही हीच बोंब. घराच्या आतल्या धोक्यांसाठी २००४ चा वेगळा हाउसिंग कायदा होता, पण त्याची नोटीस काढणार काउन्सिल आणि घरमालकही काउन्सिल, स्वतःलाच नोटीस कशी देणार! माझ्या मते पुढचं बरंचसं इथंच बिघडलं, बाकीचे घटक नंतरचे.

२००९ च्या जुलैमध्ये लंडनमधल्या कॅम्बरवेलचा लाकानल हाउस पेटला, नवव्या मजल्यावरच्या एका टीव्हीपासून, १४ मजल्यांचा टॉवर, ६ जण गेले, त्यात ३ मुलं. बऱ्याच जणांना फोनवर घरातच थांबा सांगितलेलं. त्या टॉवरचं फायर रिस्क असेसमेंट (आगीच्या धोक्याची तपासणी) झालेलंच नव्हतं. २०१३ ला कॉरोनरनं (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं) सरकारला पत्र लिहिलं, त्यात इतर गोष्टींबरोबर अगदी स्पष्ट मागितलं की कॉमन पार्ट्स म्हणजे काय ते नीट सांगा. काउन्सिलला दंड झाला २०१७ च्या फेब्रुवारीत, २ लाख ७० हजार पौंड. व्याख्या मात्र कायद्यात आली नाही, आणि ४ महिन्यांत ग्रेनफेल.

ग्रेनफेलच्याच बरोमध्ये (लंडनच्या पालिका विभागात) २०१५ ला दुसऱ्या एका टॉवरमध्ये आग लागली होती, त्यानंतर फायर ब्रिगेडनं दारांच्या क्लोजरवरून कारवाई केली, तेव्हा काउन्सिलनं क्लोजर बसवायचा ५ वर्षांचा कार्यक्रम आखला. ५ वर्षं! ग्रेनफेलच्या रात्री कितीतरी दारं उघडी राहिली आणि जिन्यात धूर भरला. नंतर पोलिसांनी तिथल्या एका दाराची चाचणी करवली, ३० मिनिटं टिकायचं ते १५ मिनिटांत गेलं. म्हणजे काउन्सिलनं बसवलेली नवी दारंही तशीच.

शेवटी २०२१ च्या कायद्यानं सांगितलं की घर आणि कॉमन जागा यांच्यामधली सगळी दारं आदेशात धरायची, बाहेरच्या भिंतीसुद्धा. एका वाक्याचं काम, पण १६ वर्षं गेली. कागदावरची मालकी ज्याची त्याची राहिली, तपासायची जबाबदारी मात्र ठरली. ग्रेनफेलच्या चौकशीनं २०१९ ला म्हटलं होतं की फ्लॅटच्या दारांचे क्लोजर दर ३ महिन्यांनी बघा. २०२३ च्या जानेवारीपासून नियम लागू झाला तो असा, ११ मीटरहून उंच इमारतीत पॅसेज-जिन्यातली दारं दर ३ महिन्यांनी, आणि फ्लॅटची दारं वर्षातून एकदा, तीही 'शक्य तेवढा प्रयत्न करून', कारण आतला माणूस दार उघडेल तेव्हाच ते तपासता येणार. नाही उघडलं तर आपण कधी कधी गेलो, काय काय केलं याची नोंद ठेवायची.