नकाशावर ठिपके वाढले, पण शेअरहोल्डरच्या हातात काय पडलं?

आमच्या बाबांकडे एका सरकारी बँकेचे थोडेसे शेअर आहेत, रिटायर होताना घेतलेले. परवा कपाट आवरताना तिचा जुना वार्षिक अहवाल सापडला, मधल्या पानावर जगाचा नकाशा आणि त्यावर लाल ठिपके, लंडन, न्यूयॉर्क, दुबई, हाँगकाँग, अजून कुठकुठले. बाबा चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "एवढ्या देशांत दुकानं थाटलीत, मग डिव्हिडंड वडापावच्या बिलाएवढा कसा?" थट्टाच होती, पण प्रश्न अगदी नेमका आहे आणि अर्थतज्ज्ञ यावर कित्येक वर्षं डोकं खाजवतायत.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण इथेच सगळे फसतात. बँकेचा एकूण नफा वाढला म्हणजे मालकाचा फायदा झाला असं नसतं. समजा एका बँकेत शेअरहोल्डरांचे 100 रुपये आहेत आणि ती वर्षाला 15 कमावते, म्हणजे 15 टक्के. आता तिने परदेशात जायचं म्हणून शेअरहोल्डरांकडून अजून 50 घेतले आणि तिकडे त्यावर 4 रुपये मिळाले. नफा 15 चा 19 झाला, पेपरात बातमी येणार "नफ्यात 27 टक्के वाढ", साहेब लोक खूश, आणि तुमच्या पैशावरचा परतावा मात्र 19 भागिले 150, म्हणजे पावणेतेराच्याही खाली. यालाच रिटर्न ऑन इक्विटी म्हणतात, आणि ठिपके वाढवायच्या नादात पहिला मार यालाच बसतो.

मग लोक बाहेर जातातच कशाला? बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या मागे. बँक ऑफ बडोदाने 1953 मध्ये मोंबासा आणि कंपालाला शाखा काढल्या त्या काही हौस म्हणून नाही, पूर्व आफ्रिकेत गुजराती व्यापारी आधीच पाय रोवून बसले होते, त्यांची भाषा, त्यांची उधारी, कोणाचा शब्द खरा आणि कोण बुडवेगिरी करतो हे सगळं बँकेला माहिती होतं. कर्जाच्या धंद्यात ही माहिती म्हणजेच अर्धं भांडवल. दुसरं कारण सांगतात ते म्हणजे रिस्क वाटली जाते, एक देश झोपला तर दुसरा तारतो. ऐकायला पटतं, पण अमेरिकन बँकांवर झालेल्या एका अभ्यासात उलटंच दिसलं, जास्त परदेशी पसारा असलेल्या बँकांची रिस्क जास्त निघाली, अनोळखी बाजारात चुका जास्त होत असणार, दुसरं काय.

आता मुख्य मुद्दा. आस्ली देमिरगुच-कुंत आणि हॅरी हुइझिंगा या दोघा अर्थतज्ज्ञांनी 1988 ते 1995 मधल्या 80 देशांतल्या बँकांची आकडेवारी तपासून 1999 मध्ये पेपर छापला, आणि त्यातला एक निष्कर्ष मला फार आवडतो. विकसनशील देशांत परदेशी बँका तिथल्या लोकल बँकांपेक्षा जास्त कमावतात आणि श्रीमंत देशांत बरोब्बर उलटं, तिथे परदेशी बँक लोकलपेक्षा कमी कमावते. म्हणजे जिथे लोकल बँका कमजोर आहेत आणि व्याजाचा मार्जिन (कर्जावर घेतलेलं आणि ठेवींवर दिलेलं व्याज यातला फरक) जाड आहे तिथे बाहेरच्याला जागा असते, जिथे आधीच दहा पैलवान आखाड्यात उतरलेत तिथे तुम्ही फक्त गर्दी वाढवता.

याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे स्पेनची बीबीव्हीए. 1994-95 च्या पेसो संकटात मेक्सिकोच्या बँका अक्षरशः झोपल्या, सरकारने परदेशी मालकांना दार उघडलं, आणि 2000 मध्ये बीबीव्हीए तिथल्या बँकोमेर या बँकेत शिरली, उरलेला हिस्सा 2004 मध्ये उचलला. भाषा तीच, लोकांचे पगार याच बँकेच्या खात्यात पडतात म्हणजे स्वस्तातल्या ठेवी, आणि देशात कर्ज घेतलेली माणसं अजून कमी, म्हणजे वाढायला रान मोकळं. रिझल्ट? 2023 मध्ये ग्रुपचा नफा साधारण 8 अब्ज युरो आणि एकट्या मेक्सिकोचा 5.3 अब्ज, खुद्द स्पेनचा त्याच्या जवळपास निम्मा. माहेरपेक्षा सासर श्रीमंत.

आणि हीच बँक, हीच डोकी, 2007 मध्ये अमेरिकेत कंपास नावाची बँक 9.6 अब्ज डॉलरला घेऊन बसली. अमेरिका म्हणजे पैलवानांचा आखाडा. तेरा वर्षं चालवली, मध्ये टेक्सासमधले अजून तुकडे जोडले, आणि 2019 च्या शेवटी नि 2020 च्या सुरुवातीला मिळून सुमारे 3.4 अब्ज युरोचं गुडविल पुसून टाकावं लागलं. (गुडविल म्हणजे बँक विकत घेताना तिच्या खऱ्या किमतीवर जो जास्तीचा पैसा मोजला जातो तो, आणि तो पुसणं म्हणजे आपण जास्त मोजलं होतं ही कबुली.) शेवटी 2021 मध्ये 11.6 अब्ज डॉलरला विकून टाकली.

मात्र विकसनशील देश म्हटला की लॉटरी, असंही नाही. त्याच मेक्सिकोत अमेरिकेच्या सिटी बँकेने 2001 मध्ये 12.5 अब्ज डॉलर देऊन बानामेक्स घेतली होती, तीही मोठी बँक, आणि 2022 च्या जानेवारीत तिथला रिटेल धंदा सोडतो म्हणून जाहीर केलं. मध्ये 2014 मध्ये एका ऑइल सर्व्हिस कंपनीला दिलेल्या 40 कोटी डॉलरच्या कर्जात फ्रॉड निघाला होता. आपल्याकडे तर सिटी 1902 पासून, तिच्या क्रेडिट कार्डाचं लोकांना केवढं कौतुक, पण देशभरात ब्रँच जेमतेम 35, आणि एवढ्यावर एचडीएफसी किंवा स्टेट बँकेशी कुस्ती कशी होणार, म्हणून मार्च 2023 मध्ये तो धंदा ॲक्सिसकडे गेला. माझं मत विचाराल तर वीस देशांत दहाव्या नंबरवर असण्यापेक्षा एका देशात पहिल्या-दुसऱ्या नंबरवर असणं शेअरहोल्डरला कधीही परवडतं.

चूक किती महाग पडू शकते ते मूळच्या हाँगकाँगच्या एचएसबीसी बँकेला विचारा. 2003 मध्ये अमेरिकेतली हाउसहोल्ड नावाची कर्ज कंपनी घेतली, साधारण 15 अब्ज डॉलरला, गिऱ्हाइकं बरीचशी कच्च्या पतीची. 2008 मध्ये 10.6 अब्ज डॉलरचं गुडविल उडालं, 2009 च्या मार्चमध्ये तिथली कर्जं देणंच बंद केलं, आणि त्याच वेळी शेअरहोल्डरांपुढे हात पसरून राइट्स इश्यूतून (म्हणजे आहे त्याच शेअरहोल्डरांना नवे शेअर विकून) 12.5 अब्ज पौंड मागितले. म्हणजे हाँगकाँगमध्ये वर्षानुवर्षं मेहनतीने कमावलेल्या पैशाची वाट अमेरिकेत लागली आणि वर मालकाच्याच खिशात परत हात.

आता चलन, याकडे कोणी बघतच नाही. बीबीव्हीएने 2010 मध्ये तुर्कस्तानच्या गारांती बँकेत हिस्सा घ्यायचं ठरवलं तेव्हा एका डॉलरला दीडेक लिरा मिळायचे, 2022 संपताना 18 च्या वर. गारांती काही वाईट बँक नाही, लिरामध्ये नफा वाढतोच आहे, पण युरोमध्ये बदलला की बर्फासारखा वितळतो. आणि गंमत बघा, घातलेल्या भांडवलाची चलनातली घट बऱ्याचदा नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही, ती गुपचूप ताळेबंदातल्या भांडवलातून वजा होते, त्यामुळे नुसता नफ्याचा आकडा वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आपल्या सरकारी बँकांची गोष्ट अजून वेगळी. बडोद्याचं मोंबासा ठीक होतं, पण नंतर नंतर परदेशी शाखा करत काय होत्या, तर तिकडे डॉलर उसने घ्यायचे आणि भारतातल्याच कंपन्यांना, आयातदारांना द्यायचे. गिऱ्हाईक तेच, रिस्क तीच, मार्जिन मात्र देशातल्यापेक्षा बरंच बारीक. वर मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण झालं. पंजाब नॅशनल बँकेच्या त्या शाखेतून बनावट हमीपत्रं स्विफ्टवर (बँकांची आपापसात निरोप पाठवायची यंत्रणा) जायची आणि इतर भारतीय बँकांच्या परदेशी शाखा त्या भरवशावर नीरव मोदीच्या कंपन्यांसाठी पैसे सोडायच्या. 2017-18 मध्ये पीएनबीचा तोटा 12 हजार कोटींच्या वर गेला, मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने ती हमीपत्रांची पद्धतच बंद केली, आणि सरकारी बँकांनी परदेशातल्या शाखा झाडून तपासायला, तोट्यातल्या बंद करायला घेतल्या.

बाबांना म्हटलं नकाशाचं पान सोडा, मागे बारीक अक्षरातलं सेगमेंट रिपोर्टिंगचं पान काढा. तिथे देशांतर्गत आणि परदेशी असे दोन रकाने असतात, बँकेची मालमत्ता किती आणि उत्पन्न किती. पेन्सिल घेऊन दोन्हीचे टक्के काढले तर परदेशाचा वाटा मालमत्तेत मोठा आणि उत्पन्नात छोटा, फरक डोळ्यात भरण्याइतका. बाबांनी दोनदा गुणाकार तपासला. मग मी सांगितलं की गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतली शाखासुद्धा रिझर्व्ह बँकेच्या नियमांत परदेशी शाखेसारखीच धरतात, तर म्हणाले, "म्हणजे बोरिवलीहून रात्रीची गुजरातची बस पकडली की सकाळी फॉरेन?"